वाड्यातली ठासणीची बंदूक

प्रश्न : अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात माळवदाखाली पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली. गंज काढून भिंतीवर लावावी म्हणतो. अशीच जुनी स्टेनगन दुरुस्त करून, सायलेन्सर बसवून ठेवता येते का?

उत्तर : आधी बंदूक भरलेली नाही ना, ते पाहा. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा. लाकडी काठी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावा. टोक बंदुकीच्या कानाच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी दारू पेटवायच्या भोकाच्या अलीकडेच थांबलं, तर आत बार (ठासलेली दारू-गोळी) असू शकतो. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. खरवडू नका, पोलीस ठाण्यात कळवा.

रिकामी असेल तर गंजावर पातळ मशीन ऑइल रात्रभर मुरू द्या आणि अगदी बारीक स्टील वूलने पुसा. सँडपेपर नकोच, कोरलेली अक्षरं कायमची जातात. दस्त्याला जवसाचं तेल थेंबभर चोळा. जाड थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. कातडी म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात ते ओल धरतं.

दुरुस्तीनेही उडू न शकणाऱ्या जुनाट शस्त्रालाच १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सूट आहे. ते पोलिसांकडून ठरवून घ्या.

स्टेनगन स्वयंचलित, म्हणजे प्रतिबंधित शस्त्र. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय खासगी माणसाला ती ठेवताच येत नाही. दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. सायलेन्सरही कायद्याच्या व्याख्येत बंदुकीतच मोडतो.