रस्त्याकडेचा जुना वड गावाने मिळून कसा सांभाळावा?

रुंदीकरणातून तुमच्या गावचा वड वाचला, आता पाच-सहा जणांनी मिळून त्याची निगा कशी राखायची, असं तुम्ही विचारलंय. वेळेत विचारलंत. बहुतेक ठिकाणी तोड थांबली की लोक खोडाला हार घालतात, फोटो काढतात आणि घरी जातात.

मी सांगली जिल्ह्यातला, त्यामुळे आधी भोसेचा वड आठवतो. मिरज तालुक्यात, रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येणारा, यल्लम्मा देवळाजवळचा. चारशे वर्षांचा म्हणत त्याला. २०२० मध्ये लोक उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलली. आम्ही पेढे वाटले. २०२२ च्या पावसाळ्यात तोच वड उन्मळून पडला. ती बातमी वाचली तेव्हा आमच्या फाट्यावरच्या वडासाठी आम्ही चौघंच राबत होतो. त्या दिवसापासून आम्ही वर फांद्यांकडे बघायचं कमी केलं आणि खाली मातीकडे बघायला लागलो.

झाडाला अन्नपाणी पुरवणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणजे बुंध्यापासून दहा-बारा फुटांवर गटाराची चर खणली, तरी घाव मुळांवरच बसतो. आमच्याकडे चर नव्हती, उसाच्या गाड्या होत्या. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या सावलीला लागायच्या. माती अशी दबली होती की पहारीचं टोकही शिरेना. अशा मातीत ना पाणी मुरत, ना हवा खेळत. आम्ही मोठे दगड टाकून गाड्यांना वाट बंद केली, कुदळ अजिबात न चालवता वरून पालापाचोळा आणि कुजलेलं शेणखत पसरलं. बाकी काम गांडुळांनी केलं, दोन पावसाळे लागले. उन्हाळ्यात पाणी द्यायचंच असेल तर बुंध्यात ओतू नका, फांद्यांच्या कडेखालच्या मातीला द्या.

आता पाराचं बोलतो, कारण निधी मिळाला की सर्वांत आधी पारच सुचतो. कृपा करून सिमेंटचा पार बांधू नका. खोडाभोवती भिंत घालून आत भराव टाकला की साल सतत ओली राहते, कुजते, आणि ते वरून दिसतही नाही. जुने पार बिनचुन्याच्या दगडांचे, फटी असलेले असत. बसायला जागा हवी तर बाक ठेवा, बुंध्यापासून लांब. आमच्या एका सदस्याला फरशी बसवून खाली वडिलांचं नाव घालायचं होतं. समजावता समजावता तीन महिने गेले, आणि तो माणूस अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

खिळे, जाहिरातींचे पत्रे आणि तारा काढायला पकड आणि कटावणी पुरते. पुण्यात ‘अंघोळीची गोळी’ या गटाने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली, तशी एक रविवारची सकाळ तुम्हीही काढा. साल चढून आत गेलेला खिळा मात्र उकरू नका, त्याने जखम मोठी होते. कापलेल्या फांदीवर डांबर फासू नका, झाड स्वतःच ती जखम आतून बंद करतं. पोकळीत सिमेंट तर नकोच. वटपौर्णिमेला बायका येतात तेव्हा ढोलीत दिवे-उदबत्त्या नको, एवढंच सांगितलं तर ऐकतात. उलट आमच्याकडे कचरा जाळणाऱ्यांना हाकलण्याचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

पारंब्या हे वडाचं खरं बळ. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं मूळ खोड बुरशी लागल्याने १९२५ मध्ये काढावं लागलं, तरी तो हजारो पारंब्यांवर आजही उभा आहे. रस्त्याकडेला पोरं झोके घेतात, वाहनं घासतात, म्हणून पारंब्या खाली पोचतच नाहीत. रस्त्याच्या उलट बाजूच्या दोन-तीन निवडा, उभ्या चिरलेल्या पोकळ बांबूत माती-खत भरून त्यातून त्या जमिनीपर्यंत उतरवा आणि ओल टिकवा. वाळवी फार असेल तर तज्ज्ञ बोलवा. तेलंगणातल्या पिल्लालमर्रीच्या वडाला २०१८ मध्ये सलाइनच्या बाटल्यांनी औषध दिलं होतं, ते बघून कोणी घरच्या घरी प्रयोग करू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. ग्रामपंचायत असेल तर जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांच्या अधिकृत नोंदवहीत, झाडाची नोंद करा, छातीच्या उंचीवरचा घेर मोजून आणि फोटो लावून. ग्रामसभेचा ठराव घ्या. नगरपालिका हद्दीत असाल तर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. आणि वायरमनशी ओळख ठेवा. तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या उडवल्या की झाडाचा तोल जातो. आमच्याकडे ते एकदा झालं. आता पावसाळ्याआधी वायरमनचा फोन येतो आणि कापणी आमच्यासमोर, दोन्ही बाजू बघून होते.

माणसांबद्दल एकच. व्हॉट्सॲप गटात साठ नावं असतील, येतील चार. त्या चौघांत जवळचा टपरीवाला असू द्या. दिवसभर झाड त्याच्याच डोळ्यांसमोर असतं, जेसीबी आला की पहिला फोन त्याचाच येतो. आमचा टपरीवाला आधी झाडालाच बॅनर ठोकायचा.