सत्तरीच्या मधुमेही माणसाला न्यूमोनिया होऊनही ताप का चढत नाही?

संसर्ग सौम्य असतो म्हणून नव्हे. ताप चढवणारे पेशींचे रासायनिक संदेश क्षीण होतात आणि मेंदूचा प्रतिसादही मंदावतो म्हणून. शिवाय शरीराचं संरक्षणही ढिलं पडतं. जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी उतारवयात संख्येने फारशा घटत नाहीत, पण वाट चुकतात. सरळ जंतूकडे जाण्याऐवजी भरकटत पोचतात, वाटेतल्या निरोगी ऊतींना इजा करतात, आणि साखर वाढलेली असेल तर जंतू मारण्यातही कमी पडतात. टी-पेशींची, म्हणजे जंतू नेमका ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, अडचण वेगळीच. त्या जिथे परिपक्व होतात ती छातीतली थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते. मग नव्या जंतूला ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी कमी उरतात. ६५ वर्षांवरच्यांसाठी फ्लूची चौपट प्रतिजन (शरीराला जंतूची ओळख करून देणारा घटक) असलेली लस निघाली ती यामुळेच. (गंमत म्हणजे याच वयात अंगात बारीक दाह मात्र कायम धुमसत असतो.) अर्थात सगळ्यांचं असं होत नाही, सत्तरीतही सणसणून ताप भरणारे असतात. थर्मामीटर ९९ दाखवत असला तरी धाप, अचानक असंबद्ध बोलणं किंवा जेवण एकदम कमी होणं दिसलं तर ताप चढायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.