दृष्टिबाधितांचा आपलेपणा मोजताना

प्रश्न : परळ भागातील दृष्टिबाधितांना आपल्या वस्तीविषयी किती आपलेपणा वाटतो, याचा अभ्यास मला करायचा आहे. प्रचलित प्रश्नावली मराठीत आणून वापरली तर चालेल का? (समाजकार्याची विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : जशीच्या तशी वापरू नये. मॅकमिलन आणि चॅव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये समूहभावनेचे, म्हणजे या आपलेपणाचेच, चार घटक मांडले : आपण या समूहाचे आहोत ही जाणीव, समूहात आपल्या शब्दाला असलेले वजन, गरजांची पूर्तता आणि भावनिक जवळीक. त्यावर आधारलेल्या 12 विधानांच्या निर्देशांकात ‘इथल्या बहुतेक रहिवाशांना मी ओळखतो’ अशा आशयाचे एक विधान आहे, आणि गोम तिथेच आहे. चाळीच्या जिन्यात एखादा शेजारी न बोलता अंग चोरून वाट देत असेल, तर तो दृष्टिहीन माणसाला कळणार कसा? उलट पांढरी काठी घेऊन रोज जिना उतरणारा हा माणूस मात्र साऱ्या चाळीला ठाऊक असतो. त्यामुळे या विधानावर गुण कमी पडले, तर ते आपलेपणा नसल्यामुळे की दिसत नसल्यामुळे, हे सांगता येत नाही. ‘आवाजावरून ओळखतो’ असा बदल करावा आणि तो आधी काही दृष्टिबाधितांकडून तपासून घ्यावा. मात्र त्यानंतर मूळ निर्देशांकाच्या गुणांशी थेट तुलना करू नये.

प्रश्न : मला सोसायटीपेक्षा लोकलच्या दिव्यांग डब्यातला आमचा ग्रुप जवळचा वाटतो. सर्वेक्षणात उत्तर कोणाविषयी द्यावे? (वाचक, मुलुंड)

उत्तर : हे सर्वेक्षकानेच आधी सांगायला हवे. दोन्ही समूहांविषयी तीच विधाने स्वतंत्रपणे विचारावीत. त्यासाठी समूहभावनेची 2008 मधील 8 विधानांची संक्षिप्त मोजपट्टी सोयीची आहे. दोन्हींची एकच सरासरी काढली, तर डब्यातली जवळीक आणि सोसायटीतला दुरावा दोन्ही त्यात बुडून जातात.

प्रश्न : प्रश्न वाचून दाखवताना घरची माणसे समोरच बसतात. काय करावे? (स्वयंसेवक, गिरगाव)

उत्तर : दहा बाय दहाच्या खोलीत, ज्यांच्या आधाराने रोजचे व्यवहार चालतात त्यांच्या देखत, ‘गरजेला कोणी येत नाही’ असे सहसा कोणी म्हणणार नाही. शक्य असेल तिथे उत्तरदात्याने टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी फोनमधली सोय) आणि इयरफोन वापरून आपल्याच फोनवर उत्तरे भरावीत. त्यासाठी तक्ता न देता एका वेळी एकच विधान द्यावे. तोंडी विचारायचेच असेल, तर पाच पर्याय एका दमात ऐकवू नयेत, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात शेवटचेच अधिक राहतात. आधी ‘सहमत, असहमत की मधले’ एवढेच विचारून मग ‘पूर्णपणे की काहीसे’ हे विचारावे. ब्रेल सर्वांना येते, असे तर मुळीच गृहीत धरू नये. उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांचा ब्रेलशी कधी संबंधच आलेला नसतो.

प्रश्न : एका संस्थेने सदस्यांची यादी देऊ केली आहे. ती पुरेशी आहे का? (संशोधक, बोरिवली)

उत्तर : सुरुवातीला ठीक आहे. पण संस्थेत येणारा माणूस मुळात घराबाहेर पडणारा असतो, आणि केवळ त्याच्या उत्तरांवरून मुंबईतील सर्व दृष्टिबाधितांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. घरीच राहणाऱ्यांपर्यंत नेत्रतपासणी शिबिरे व आरोग्यसेविकांमार्फत पोहोचावे आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अंधत्व व अल्पदृष्टी यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.