न्यूरोसायन्सची पीएचडी: रोटेशनसाठी लॅब कशी निवडावी?

तुमचं शिक्षण भौतिकशास्त्रातलं, न्यूरोसायन्सच्या पीएचडीला प्रवेश मिळालाय, पहिल्या वर्षात तीन लॅबमध्ये रोटेशन करायचंय, म्हणजे प्रत्येकीत काही आठवडे काम करून बघायचंय. जीवशास्त्र कच्चं असल्याची धास्ती वाटतेय, आणि नावाजलेली मोठी लॅब घ्यावी की नव्या प्राध्यापकाची छोटी, हे ठरत नाहीये. बरोबर ना?

धास्ती आधी काढून टाका. काचेच्या बारीक पिपेटने पेशीतली विद्युत हालचाल मोजायचं पॅच क्लॅम्प हे तंत्र ज्या दोघांनी उभं केलं, त्यातले एर्विन नेहर भौतिकशास्त्र शिकलेले आणि बेर्ट झाकमान वैद्यक. १९९१चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूतला विद्युत आवेग चार डिफरन्शियल समीकरणांत मांडला. ती समीकरणं तुम्हाला पहिल्याच वाचनात आपली वाटतील. जीवशास्त्र वाचून भरून काढता येतं. गणिताची सवय मात्र उशिरा लावायला फार जड जाते, आणि ती तुमच्याकडे आहेच.

आता लॅब. माझं मत स्पष्ट आहे: प्राध्यापकाच्या नावापेक्षा, तुमच्या शेजारी बसून कोण शिकवणार आहे ते बघा. या विषयातली निम्मी कौशल्यं हातातली आहेत. पॅच क्लॅम्पच घ्या. काचेच्या पिपेटचं टोक जेमतेम एक मायक्रॉन रुंद. ते बुजू नये म्हणून आतून हलका दाब ठेवून ते पेशीजवळ न्यायचं. पेशीच्या पृष्ठभागावर बारीकशी खळी दिसली की दाब सोडायचा, आणि स्क्रीनवरचा रोध चार-पाच मेगाओहमवरून गिगाओहमच्या वर जातोय का, म्हणजे टोक पेशीला घट्ट चिकटतंय का, ते बघायचं. मग पिपेटला जोडलेल्या नळीतून तोंडाने अगदी अलगद ओढ द्यायची, म्हणजे टोकाखालचं पटल फाटतं आणि आतलं विभव मोजता येतं. कागदावर हे चार वाक्यांत मावतं. पण खळी कुठली आणि नुसती सावली कुठली, हे शेजारी बसलेला माणूस बोट ठेवून दाखवतो तेव्हाच कळतं. मोठ्या लॅबमध्ये हे शिकवायचं काम बहुधा पोस्टडॉक (पीएचडीनंतर तिथे संशोधन करणारे) करतात. तेव्हा तिथे रोटेशन घ्यायचं तर तो पोस्टडॉक कोण, तो अजून किती काळ आहे, हे विचारून घ्या. छोट्या लॅबमध्ये प्राध्यापक स्वतः रिगवर (प्रयोगाच्या उपकरणांच्या मांडणीवर) बसतात. निधीची आणि माणसांची चणचण असते, पण शिकणं घट्ट होतं.

रोटेशनमध्ये निकालामागे धावू नका. आठ-दहा आठवड्यांत सांगण्यासारखं काही हाती लागलंच तर तो योगायोग समजा. त्याऐवजी प्रयोगातली एक कच्ची नोंद (न हाताळलेला मूळ डेटा) मागून घ्या आणि तिच्यापासून शेवटच्या आलेखापर्यंत कुठे काय गाळलं, कुठे सरासरी काढली, हे स्वतः चालून बघा. हे मनमोकळेपणाने दाखवणारी लॅब चांगली. टाळाटाळ होत असेल तर तिथे पाच-सहा वर्षं घालवू नका.

आणि संख्याशास्त्र! याबद्दल मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कळकळीने सांगतो. चार उंदरांमधल्या चाळीस पेशी नोंदवल्या म्हणून n (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) चाळीस होत नाही. एकाच उंदरातल्या पेशी एकमेकींसारख्या वागतात. त्यांना स्वतंत्र धरलं तर नसलेला परिणाम दिसायला लागतो. हे साम्य हिशेबात धरणारं मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल पहिल्याच सत्रात शिकून घ्या. २०१३ साली कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा स्टॅटिस्टिकल पॉवरचा मध्यक २१ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे परिणाम खरोखर असला तरी तो सापडण्याची शक्यता पाचात एक. शिवाय इतक्या कमी पॉवरवर जो परिणाम सापडतो, तो बऱ्याचदा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. लॅब मीटिंगमध्ये ‘किती प्राणी घ्यायचे ते कसं ठरवलं?’ एवढं नम्रपणे विचारा. उत्तर कसं येतं त्यावरून लॅबची पारख होते.

पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठी द्यावी लागणाऱ्या क्वालिफाइंग परीक्षेचं ओझं आत्ता घेऊ नका. संशोधनाचा प्रस्ताव लिहायची सवय ठेवलीत तर ती परीक्षा निभते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल मात्र मनाशी आधीच बोला. काहींना ते जमत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. माणसांवरचं ईईजी (डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी मोजणं) आहे, इमेजिंग आहे, संगणकीय काम आहे. ॲलन इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने उंदराच्या दृष्टीकेंद्रातल्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात. त्या उतरवून घेऊन पायथनमध्ये एका पेशीचे स्पाइक (विद्युत आवेग) मोजून बघितलेत, तरी संगणकीय लॅबचं काम आवडेल की नाही याचा अंदाज येईल.

तीन रोटेशनपैकी एक तरी हाताने करायच्या कामाचं घ्या, पुढे संगणकावरच काम करायचं असलं तरी. डेटा कसा बिघडतो हे रिगवर बसल्यावरच समजतं. प्रयोगाची लॅब पहिली ठेवणार असाल तर प्राणी हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तारीख आजच विचारा. ते प्रशिक्षण आणि परवानगी मिळेपर्यंत प्राण्यांना हात लावता येत नाही, आणि कधी कधी त्यातच रोटेशनचे पहिले काही आठवडे निघून जातात.