जबड्याची शस्त्रक्रिया, बदललेला चेहरा आणि संमतीपत्रावरची वडिलांची सही

प्रश्न : मी २४ वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. हसताना माझ्या वरच्या हिरड्या फार दिसत आणि दात नीट मिटत नसत, म्हणून दीड वर्ष दातांना तारा लावून नंतर येथील एका खासगी रुग्णालयात वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया करून घेतली. २ लाख ४० हजार रुपये भरले. आता दात जुळतात, पण नाक पसरट झाले आहे, शेंडा वर गेला आहे आणि वरचा ओठ पातळ दिसतो. असे होऊ शकते हे आधी कोणी सांगितले नव्हते. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर वडिलांची सही आहे. माझी सही फक्त भुलीच्या कागदावर आहे. दोन्ही कागद इंग्रजीत होते. डॉक्टर वर्षभर ‘सूज आहे, थांबा’ म्हणत होते, आता ‘नाकाचे वेगळे ऑपरेशन करा, खर्च वेगळा’ म्हणतात. १४ महिने झाले. घरचे म्हणतात, दात नीट झाले ना, मग नाकाचे काय घेऊन बसलीस. मला काही करता येईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची तक्रार क्षुल्लक नाही, हे आधी स्पष्टपणे सांगतो. चेहरा तुमचा आहे आणि तो बदलणार असेल तर ते आधी कळणे हा तुमचा अधिकार होता. मात्र तक्रार कोणत्या मुद्द्यावर उभी राहील हे ठरवण्यासाठी या शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते समजून घ्यावे लागेल, कारण रुग्णालयाचा बचाव तेथूनच सुरू होईल.

या शस्त्रक्रियेला ‘ल फोर-१’ म्हणतात. रने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने १९०१ साली चेहऱ्याची हाडे ज्या रेषांवर मोडतात त्यांचे वर्णन केले, त्यांतल्या पहिल्या रेषेवरून हे नाव पडले. ओठाच्या आतून छेद घेऊन दातांच्या मुळांच्या वर हाड आडवे कापतात, दातांसह तो भाग मोकळा करून नव्या जागी बसवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी पक्का करतात. नाकाचा पाया आणि वरचा ओठ याच हाडाच्या आधाराने असल्यामुळे हाड वर उचलले किंवा पुढे आणले की नाकपुड्या रुंदावणे, शेंडा वर जाणे आणि ओठ आत वळून पातळ दिसणे हे परिणाम संभवतात. ते आटोक्यात ठेवण्यासाठी जखम शिवताना नाकपुड्यांचा पाया आवळून धरणारा एक टाका घेण्याची आणि ओठाची शिवण वेगळ्या पद्धतीने घालण्याची रीत आहे, तरीही ते पूर्णपणे टळतीलच अशी खात्री नसते. सुजेबद्दल डॉक्टर सांगत होते ते सुरुवातीला खोटे नव्हते. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरली तरी चेहरा पूर्ण स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागते. परंतु १४ महिन्यांनंतर सुजेचे कारण पुढे करणे कठीण आहे, आणि डॉक्टरांनीही आता ते सोडून दिलेले दिसते.

म्हणून केवळ नाक रुंदावले एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होणार नाही. ‘हा या शस्त्रक्रियेचा माहीत असलेला परिणाम आहे’ असे उत्तर येईल आणि ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असेल. पण माझ्या मते तुमची बाजू याच उत्तरातून बळकट होते. परिणाम सर्वज्ञात होता, तर तो रुग्णाला सांगितला का नाही?

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी संमतीचे निकष घालून दिले आहेत. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, परिणाम, उपलब्ध पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती होय. दूरान्वयाने संभवणारे धोके मात्र सांगण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले होते, आणि तातडीची गरज नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तुमच्या वडिलांच्या सहीला हे लागू पडते. तरीही जपून बोलतो : दीड वर्ष तारा लावून तुम्ही स्वतःहून दाखल झालात, त्यामुळे शस्त्रक्रियेलाच संमती नव्हती असे म्हणणे टिकणार नाही. नाक आणि ओठ बदलतील ही माहिती तुम्हाला स्वतःला, तुम्हाला समजेल अशा भाषेत दिली गेली नाही, एवढाच मुद्दा नेटाने मांडावा.

तो सिद्ध होईल कागदपत्रांवरून. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि केसपेपर, दोन्ही संमतीपत्रे, शस्त्रक्रियेची नोंद, आधीचे व नंतरचे फोटो, बाजूने काढलेला कवटीचा एक्स-रे आणि जबडा किती मिलिमीटर हलवायचा याचे आखलेले नियोजन मागा. रुग्णाला त्याची कागदपत्रे मिळाली पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तारा लावणाऱ्या दंतवैद्यांकडचे कागदही घ्या, कारण ‘त्यांनी सगळे समजावले होते’ असा बचाव येऊ शकतो. कागद हाती आल्यावर दोन जागा बारकाईने पाहा. संमतीपत्रात धोक्यांपुढची ओळ कोरी आहे का, भरली असल्यास अक्षर व शाई बाकीच्या मजकुराशी जुळते का; आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीत नाकपुड्यांच्या त्या टाक्याचा उल्लेख आहे का. उल्लेख नसेल तर काळजी घेण्यातच कसूर झाली का, हा दुसरा मुद्दा उभा राहतो. त्यासाठी मात्र दुसऱ्या मुखशल्यचिकित्सकाचे लेखी मत जोडावे लागेल.

मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेले आहे. भरलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल होईल, आणि ती ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून तुम्ही शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच मोजा. हाती दहा महिने आहेत. वकिलाची नोटीस पाठवल्याने किंवा डॉक्टरांशी बोलणी चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

भरपाईबाबत अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत अशी माझी विनंती आहे. समीरा कोहली प्रकरणातही न्यायालयाने डॉक्टरांची फी नाकारून त्यावर २५ हजार रुपयेच दिले होते. तुम्ही लेखी अंदाजपत्रक जोडून नाकाच्या दुरुस्तीचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई मागू शकता. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही; जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि तुमच्या पत्रात तसे काही नाही. डॉक्टरांचे नाव घालून आधीचे-नंतरचे फोटो समाजमाध्यमांवरही टाकू नका, उलट बदनामीचा दावा अंगावर येईल.

रुग्णालयाने नाकाची दुरुस्ती मोफत करून देण्याची तयारी दाखवली, तर ‘यापुढे काही तक्रार नाही’ अशा कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. आणि दुरुस्ती कोठेही करायची ठरली तरी त्याआधी समोरून, दोन्ही बाजूंनी व खालून असे तारखेसह फोटो काढून घ्या आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत हाती ठेवा. दुरुस्ती झाल्यावर आजची स्थिती आयोगाला दाखवण्यासाठी तुमच्याकडे तेवढेच उरेल.