ईमेल डेटाबेसमध्ये साठवायचे आहेत. टेबलं कशी करू? अटॅचमेंट आत ठेवू की बाहेर?

टेबलं कशीही करा, पण आलेला मेल जसाच्या तसा, एक बाइटही न बदलता, कुठेतरी ठेवा. मूळ मेल फेकू नका. २०१२ साली याच मुद्द्यावर मी आमच्या साहेबांशी भांडलो होतो आणि हरलो होतो.

पुण्यातली छोटी कंपनी. ग्राहकांच्या तक्रारींचे मेल मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये घ्यायचे होते. साहेबांचं म्हणणं, पाठवणारा, विषय, मजकूर, अटॅचमेंट असे तुकडे पाडा आणि मूळ मेल डिलीट करा. "डिस्क काय फुकट येते का रे?" अटॅचमेंटच्या कॉलमला कुणीतरी (बरं, मीच) नुसता 'ब्लॉब' (फाइलचे कच्चे बाइट ठेवायचा) टाइप दिला. त्यात मावतात ६५,५३५ बाइट. मायएसक्यूएलच्या त्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) आपोआप चालू नसायचा, त्यामुळे मोठी फाइल आली की तिचं शेपूट कापून उरलेलं मुकाट आत जायचं. वॉर्निंग यायची, पण ती वाचतो कोण? तीन महिन्यांनी कुणाला तरी एक जुनी पीडीएफ लागली. उघडेना. दुसरीही उघडेना. मग घाम फुटला. ग्राहकांना फोन करून "कागद परत पाठवता का?" विचारायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, साहेबांकडे नाही.

त्यातही गंमत बघा. मराठी विषय शोधले तर एक सापडेना, कारण हेडरमधली (मेलच्या माथ्यावरच्या माहितीतली, विषय तिथेच असतो) देवनागरी बहुतेकदा बेस६४ (साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांचं सांकेतिक रूप) होऊन येते आणि आम्ही ती डीकोड न करताच भरली होती. पण जशी आली तशी पडून होती, म्हणून एका दुपारच्या स्क्रिप्टमध्ये सगळे विषय सुधारले. आळसाने वाचवलं, शहाणपणाने बुडवलं.

तर, मूळ मेल 'लाँगब्लॉब'मध्ये (ब्लॉबचाच खूप मोठा प्रकार) किंवा डिस्कवर फाइल करून ठेवा आणि टेबलात तिचा पत्ता. मी डिस्कवर ठेवतो, बॅकअप हलका राहतो. विषय, तारीख, पत्ते डीकोड करून वेगळ्या कॉलमात, फक्त शोधण्यापुरते. चुकले तर मूळ मेलवरून पुन्हा काढता येतात. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४च घ्या, नाहीतर पहिल्या इमोजीला रडाल. मेसेज-आयडीवर (मेलच्या ओळख क्रमांकावर) युनिक, म्हणजे 'दुसऱ्यांदा नको' अशी अट, लावू नका, एकच मेल दोन वाटांनी येतो. उत्तरांची साखळी 'रेफरन्सेस' हेडरवरून (त्यात आधीच्या मेलांचे आयडी असतात) जुळवा, विषयावरून नको.

हो, आणि वर्षाला चार-पाचशेच मेल असतील तर हा खटाटोप करूच नका, फोल्डर पुरे. ग्राहकाने माहिती पुसायला सांगितली तर मूळ मेलही पुसावा लागेल, तीही सोय आधीच करा.

नंतर सर्व्हरच्या लॉगवरून त्या तीन महिन्यांच्या मेलांचा हिशेब काढला. सहा जीबीसुद्धा भरले नाहीत. तेव्हा साहेबांच्या टेबलावर आठ जीबीचा पेनड्राइव्ह पडलेला असायचा, गाणी भरलेला.