‘हा सिनेमा हवा तर तोही घ्या’: वितरकाची अट कायद्यात बसते का?

प्रश्न : विदर्भात तालुक्याच्या गावी आमची एकपडदा टॉकीज आहे. दिवाळीच्या मोठ्या हिंदी सिनेमासाठी वितरकाच्या माणसाने अटी घातल्यात. दोन आठवडे चारही खेळ त्याच सिनेमाचे, त्यांचा पुढचा सिनेमाही आत्ताच घ्यायचा आणि दोन्हींचे मिळून चार लाख अॅडव्हान्स. त्याच आठवड्यात एका मराठी निर्मात्याला मी संध्याकाळी सहाचा खेळ ईमेलवर कबूल केलाय. ही जबरदस्ती चालते का?

उत्तर : आधी सहाच्या खेळाचं बोलू, कारण तिथे तुम्ही स्वतः बांधले गेला आहात. तारीख, खेळ आणि हिस्सा ईमेलवर ठरला असेल तर तो करार झाला. स्टॅम्पपेपर नाही म्हणून तो कच्चा ठरत नाही. खेळ काढून घेतलात तर करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली निर्माता तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. शिवाय मराठी सिनेमाला दिवाळीत संध्याकाळचा खेळ मिळणं किती मुश्कील असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दिलेला शब्द मोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वितरकाच्या अटी. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे सिनेमा लोकांना दाखवण्याचा हक्क मालकाचा. नवा सिनेमा कोणत्या टॉकीजला, किती दिवस, कोणत्या पैशांत द्यायचा हे तोच ठरवतो. त्यामुळे चारही खेळांची अट जाचक असली तरी तेवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. तुम्ही तीनच खेळ देऊ शकता; ते घ्यायचे की नाही, ही त्याची मर्जी.

दुसरा सिनेमा गळ्यात मारण्याची अट मात्र स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3(4) मधल्या ‘टाय-इन’मध्ये मोडू शकते. पण नुसती अट दाखवून भागत नाही. तिच्यामुळे बाजारातल्या स्पर्धेला लक्षणीय बाधा पोहोचते, हे सिद्ध करावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. 2012 मध्ये ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीचा ‘जब तक है जान’ही घ्या, अशी अट एकपडदा टॉकीजना घातल्याची तक्रार अजय देवगण फिल्म्सने यशराजविरुद्ध केली होती. स्पर्धा आयोगाने ती फेटाळली आणि अपिलातही निकाल फिरला नाही. अट तुमच्यासारखीच होती, म्हणून आयोगाकडे धाव घ्या असा सल्ला मी आज देणार नाही.

स्पर्धकांनी आपसांत संगनमत केलं तर चित्र बदलतं. 2009 मध्ये उत्पन्नाच्या वाटणीवरून निर्माते आणि वितरकांनी एकजुटीने मल्टिप्लेक्सना सिनेमे देणं थांबवलं होतं. त्यावरून आयोगाने 2011 मध्ये 27 निर्मात्यांना प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. तुम्ही नकार दिल्यावर उद्या बाकीचे वितरकही एकदम पाठ फिरवू लागले, तर व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक निरोप जपून ठेवा. अशा तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे.

मला खरी काळजी आहे ती त्या चार लाखांची. तुमच्याशी बोलणारा माणूस मूळ वितरक की उपवितरक? सीपी-बेरार टेरिटरीचे, म्हणजे विदर्भ ज्यात येतो त्या वितरण विभागाचे हक्क त्याच्याकडे असल्याचा कागद बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कॉपीराइटचं लायसन्स लेखीच लागतं. सिनेमा सर्व्हरवर आला तरी तो उघडतो वितरकाकडून आलेल्या ‘की’वर, म्हणजे डिजिटल किल्लीवर, आणि तीही ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. शुक्रवारी सकाळी ही किल्ली आली नाही, तर पहिल्या खेळाआधी कोणतंही कोर्ट तुमच्या मदतीला पोहोचणार नाही. नंतर पैसे वसूल करायचे म्हटले तर रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने प्रकरण व्यावसायिक न्यायालयाचं. तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

म्हणून आजच त्याला ईमेल करा. सहाचा खेळ आधीच दिलेला आहे, उरलेले तीन घ्या, असं सरळ लिहा. दोन्ही सिनेमांचे करार वेगळे आणि अॅडव्हान्सही वेगळा मागा. प्रदर्शन लांबलं किंवा किल्ली आली नाही तर किती दिवसांत पैसे परत, आणि कलेक्शन ठरलेल्या आकड्याखाली गेलं तर दुसऱ्या आठवड्यात खेळ कमी करण्याची मुभा, ही दोन कलमं घालून घ्या. पुढच्या सिनेमाचे पैसे त्याची तारीख जाहीर झाल्यावरच द्या. हे त्याला मान्य नसेल, तर दिवाळीला दुसरा सिनेमा बघा.